कावळा शिवला, पण कोणाला?

...आणि कावळा लगेच शिवला हो! तुमाला सांगतो, पिंड ठेवून मी हात मागं घेतला नाय, तोच शिवला! आता दोन हजार वर्षं उपाशी माणूस, त्याला दम निघंल होय? पण मला कुठं ठाऊक? हाडावर काय तारीख लिवलेली असते?

मी हैबती. कशेडी घाटाच्या अंगाला आमची वाडी. माझा थोरला भाऊ गोमाजी तीन वर्षांमागं दरडीखाली गेला. लय शोधला... नाय गावला. यंदा पाण्याच्या पाइपासाठी तीच माती उपसली, तर हाडं! झालं! वहिनीनं रडून रडून कुंकू पुसलं, मी हाडांना अग्नी दिला, राख तुडीलला सावित्री नदीत सोडली, दहावं केलं. दादा नाय तर दुसरं कोण असणार? हाडावर काय तारीख लिवलेली असते?

दादाची पोर समीक्षा मुंबईत शिकते. अग्नी द्यायच्या आधीच म्हणाली होती, "काका, एक हाड ठेवा, तपासून घेऊ." ठेवलं बाबा! महाडला एक शास्त्रज्ञ बाई आल्या, चंदेरी कागदात गुंडाळून घेऊन गेल्या. वर मला समजावतात, "हैबतराव, माणूस जिवंत असतो तोवर खाण्यापिण्यातून एक जातीचा कार्बन अंगात येत राहतो. मेला की येणं बंद. असलेला ठरलेल्या वेगानं घटतो. किती उरला ते मोजलं की कधी मेला ते कळतं." म्हटलं, म्हंजे भाताची कणगीच की! भरणं थांबलं, उंदीर खातायत, तळाला भात किती उरलं त्यावरनं सांगायचं कधी भरलेली! "अगदी बरोबर," म्हणाल्या. बरं वाटलं जरा...

मग आला कागद. दोन हजार वर्षं! "वरच्या कपारीत पुरलेलं असणार, दरडीबरोबर खाली आलं," बाई खूश! आणि वहिनी माझ्या तोंडाकडं बघते, "भावजी, मग मी कुंकू कोणासाठी पुसलं वो?" मेल्याहून मेल्यागत झालं. हाडावर काय तारीख...

पितृपक्षात दोन पानं वाढली. एक दादाचं, एक त्या म्हाताऱ्याचं. अग्नी दिलाय, आता टाकतो कसा? त्याच्या पानावर कावळ्यांची झुंबड! दादाच्या पानाकडं कोण बघंना. वहिनी दारातनं बघत होती. "शिवत नाय भावजी... म्हंजे हायत ते!" आणि आत जाऊन कुंकू लावून आली हो...

तेवढ्यात एक कावळा टुणटुण करत दादाच्या पानाकडं आला. मीच हुसकावला! काय करणार? म्हटलं, दादा, ऱ्हा अजून जरा उपाशी... तो नाय का दोन हजार वर्षं ऱ्हायला!