पहिला आकडा, शेवटचा आकडा

— म्हणून म्हणतो साहेब, गेटवर तुम्ही आहात तेच बरंय, नाहीतर मी मैदानात शिरून त्या टायमिंगवाल्याला शिकवत बसलो असतो. खोडच ती! एकतीस वर्षं गणित शिकवलं ना, श्रीगोंद्याला हायस्कूलात — खडू सुटला, बडबड काही सुटली नाही. भिमाजी सर म्हणतात मला. पोरगी आत आहे, स्नेहल. आठशे मीटरला उभी राहणार आता. तुमच्यासारखी पोलिसाची वर्दी पाहिजे तिला, दुसरं काही मागत नाही. तिसरी भरती ही, आणि शेवटचीच — पुढच्या वेळी वयात बसत नाही ती.

सरावाची वही माझ्याकडं. म्हणजे लिहायची ती, हुशारी करायचो मी. पहिल्या दिवशी आठशे मीटरला चार मिनिटं दहा सेकंद, म्हणजे अडीचशे सेकंद. चार महिन्यांनी तीन दहा, म्हणजे एकशे नव्वद. आता बदलाचा सरासरी दर कसा काढाल? — राहू द्या, मीच सांगतो, मला दुसऱ्याचं उत्तर ऐकायची सवयच नाही. शेवटच्यातून पहिला वजा करायचा नि महिन्यांनी भागायचं. उणे साठ भागिले चार, उणे पंधरा. उण्याला घाबरायचं नाही, पळण्यात उणं तेच चांगलं. महिन्याला पंधरा सेकंद कमी! पूर्ण मार्कांना दोन पन्नास लागतात, म्हणजे आणखी वीस सेकंद. दीड महिना पुरे. आणि भरती बरोब्बर दीड महिन्यावर! चौकात पेढे वाटायचेच राहिले होते माझे.

अन् मधले आकडे? होते की. वहीत, डोळ्यांसमोर. पहिल्याच महिन्यात पन्नास सेकंद कमी झाले, दुसऱ्यात दहा. तिसऱ्यात शून्य. चौथ्यात — शून्य. दोन महिने पोरगी एकशे नव्वदवरच अडकलेली, आणि हा शहाणा म्हणतोय महिन्याला पंधरा! वर तिलाच ओरडतोय, की गणित बरोबर आहे, तूच कमी पडतेस, उद्यापासून दोन फेऱ्या जास्त. आमची ही, पुष्पावती, सातवी शिकलेली, तिनं ओसरीतून बघितलं नि म्हणाली, “अवो, पोरगी लंगडतीय, तुमी वहीत काय बघताय?” मी म्हटलं, तुला सरासरीतलं काय कळतंय? — हसा, हसा साहेब. तुमच्या जागी मी असतो तर मीपण हसलो असतो.

वर्गात एसटीचं उदाहरण द्यायचो मी. श्रीगोंद्याहून निघाली, दीड तासात साठ किलोमीटर गेली, सरासरी ताशी चाळीस. मधी काय झालं ते विचारायचं नाही, पहिलं बघायचं नि शेवटचं बघायचं. तेव्हा स्नेहल माझ्याच वर्गात, नववीला. घरी पप्पा म्हणायची, वर्गात सर. उभी राहून विचारते, “सर, पण मधी अर्धा तास बंद पडून राहिली असंल तर?” मी म्हटलं, बस खाली, परीक्षेला येईल तेवढंच विचारावं. सगळा वर्ग हसला. मला अजून आठवतंय, ती नाही हसली.

पाय ना? नडगी दुखतीय म्हणायची दोन महिने. मग मंगळवारी नेलं इथंच नगरला, एका डॉक्टरकडं. फोटो काढला. काही नाही हो, बारीक चीर आहे हाडाला. सहा आठवडे पळायचं नाही म्हणाले, पळाली तर हाड मोडेल म्हणाले. ती बाहेर बाकड्यावर बसलेली. मी बाहेर आलो नि तिला म्हटलं — मुका मार आहे, पट्टी बांध, होईल कमी. कारण हिशोब केला ना मी! पळणं किती, तर तीन मिनिटं. सहा आठवड्यांत तीन मिनिटं, सरासरी काढली तर काहीच येत नाही...

असं काय बघताय? — हो, बोललो. घरी नाही बोललो अजून, तिला तर नाहीच. तुम्हालाच पहिल्यांदा — कसं निघून गेलं तोंडातून, काय माहीत. सकाळी पट्टी तिनंच बांधली, मला म्हणाली, “पप्पा, तुमी म्हणताय तर पळते मी.” लई विश्वास हो तिचा. लई.

शिट्टी झाली का ती? कुठला गट उभा केलाय — चारशेच्या पुढच्या नंबरांचा? अहो तिच्या छातीवरचा नंबर चारशे बारा आहे! साहेब, वायरलेस आहे ना तुमच्याकडं, बोला त्यावर — चारशे बाराला बाजूला घ्या म्हणावं. हो, भरती जाईल, जाऊ द्या. बापानं थांबवलं म्हणून सांगा — नाही, बाप खोटं बोलला म्हणून सांगा, तसंच सांगा, म्हणजे थांबेल ती. डॉक्टरांचा कागद पिशवीत आहे, दाखवतो हो मागनं! — आधी बोला, साहेब, त्या रेषेवर आल्या, बोला —