माटोळीच्या कड्या

(कोरगावातलं अर्धवट घर. स्लॅबखालच्या फळ्या आजच काढल्या आहेत. देवकी मान वर करून छत पाहते आहे. मान दुखतेय, पण खाली करवत नाही.)

देवकी : नाहीत. इकडेही नाहीत. मेस्त्री, गणपतीच्या खोलीत वर चार कड्या सोडायच्या होत्या ना? देवाच्या डोक्यावर फळांची माटोळी टांगायला?

सगुण मेस्त्री : होय वैनी. तुमी सांगितल्यात.

देवकी : मग?

सगुण मेस्त्री : चूक झाली म्हणा.

देवकी : खिडकी रस्त्याकडे हवी होती ती गोठ्याकडे गेली, तेव्हाही हेच म्हणालात. सुतार शिगम्याला म्हणून गावी गेला तो पावसाच्या तोंडावर उगवला. मी काही बोलले? घर बांधायचं म्हणजे हे धरूनच चालायचं, तुम्हीच सांगितलं होतंत. पण कड्यांचं मी दर खेपेला सांगत होते हो.

कृष्णनाथ : जाऊ दे गो देवकी. वास्कोहून बसमध्ये उभ्यानं आलोय, दमलोय मी.

देवकी : मी नाही दमले? भाड्याच्या खोलीत दुसरा पावसाळा काढला. स्लॅबच्या दिवशी माणसांसाठी वडे-सागोती करत तिकडे चुलीपाशी बसले, म्हणून इकडे बघायला नव्हते. एवढीच माझी चूक.

सगुण मेस्त्री : तुमची चूक नाय वैनी. माजी पण नाय. कृष्णनाथबाब, आता तुमीच सांगा. माका ह्यो भार नको.

कृष्णनाथ : मेस्त्रीनं कड्या बांधल्या होत्या, सळ्यांना. मी कापायला लावल्या.

देवकी : तुम्ही?

कृष्णनाथ : काँक्रीट ओतायच्या आधी गोकुळदासदादा आला. वर चढला, कड्या बघितल्या. चहा तसाच ठेवला आणि गेला. आमच्या घराण्यात गणपती एकच गो. भाऊ वेगळे राहिले तरी चवथीला मूळ घरीच जमायचं. बाबा गेल्यापासून तो आणि मी मिळून माटोळी बांधतो. त्याचं तोंड बघून मला राहवेना.

देवकी : त्यांचं तोंड बघितलंत. गेल्या चवथीला मी तळून नेलेल्या नेवऱ्या डब्यातच राहिल्या. जाऊबाईंनी एकही कुणाच्या पानात वाढली नाही. आरतीला मी मागच्या दाराशी उभी. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. म्हणून हे घर मागितलं मी. नाहीतर मला काय, खोली पुरत होती.

कृष्णनाथ : मला हे ठाऊक नव्हतं.

देवकी : सांगितलं होतं. तुम्हाला बस गाठायची घाई होती.

सगुण मेस्त्री : वैनी, आता स्लॅबाक भोक पाडूचा नाय. पाणी झिरपतला, मग जन्मभर माका शिव्या घालशात. पण भिंतीक गिलावो उद्या आसा. समोरासमोरच्या चिऱ्यांत भोकां सोडली तर वासे घालूक येतत. वाशांवर माटोळी बांधूक येता, आमच्याकडे कितीतरी घरांत तशीच बांधतत. पण काय ता आजच सांगा. उद्या गिलावो बसलो की भिंत फोडूची पाळी.

कृष्णनाथ : दादा विचारेल, ही भोकं कशाला.

देवकी : सांगा, चिमण्यांना ठेवलीत. यंदा मी येईन मूळ घरी. पुढच्या वर्षीही येईन, मागच्या दाराशी उभी राहीन. पण ही भिंत सगळी बुजवू नका. कधीतरी इथेही देव बसेल, एवढं तरी मला म्हणता येऊ दे.

सगुण मेस्त्री : मग काय करू, कृष्णनाथबाब? ठेवू की बुजवू?

देवकी : त्यांना विचारू नका मेस्त्री. ते दमलेत.

कृष्णनाथ : भोकं जरा खोल धरा, मेस्त्री. भरलेल्या माटोळीला वजन फार असतं.