कोठीवाली गेली

आणि वर खुनी मीच! नाही, तुम्हीच सांगा, ज्या बाईला मी जन्माला घातलं, बोलायला शिकवलं, तिला संपवा म्हणून हुकूम सोडला कंपनीनं, संपवतानाचं वाक्य घातलं कंपनीनं, आणि लोकांनी शिव्या कुणाला घालायच्या? तर मला. परवा साबण घ्यायला गेलो, तर गल्ल्यावरच्या बाई माझ्याकडे निरखून बघत म्हणतात कशा, 'तुम्हीच ना ते, कोठीवालीला मारणारे?' आणि साबण हातात दिला नाही हो. लांबूनच फळीवर सरकवला, जसं काही माझ्या हाताला अजून रक्त लागलेलंय.

पण थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काय कळणार? ऐकणाऱ्याला कुठं दिसतंय? हे वाक्य ध्यानात ठेवा. या एका वाक्यानं माझं वाटोळं केलंय.

तर मी लेखक आहे. ती टीव्हीवरची मालिका बघता ना, अंतराळयानाची, यानावर कप्तान आहे, रॉकेट आहे, आणि जादूगारीणसुद्धा आहे, म्हणजे विज्ञान की जादू हे कुणी ठरवलेलंच नाही, ती. तिच्यातली पात्रं घेऊन कंपनी कादंबऱ्या काढते आणि श्रुतिका काढते. श्रुतिका म्हणजे नुसती कानानं ऐकायची नाटकं. त्या कादंबऱ्या मी लिहितो, श्रुतिकाही मीच लिहितो. आमचा मेहुणा विचारतो, 'म्हणजे टीव्ही बघून उतरवून काढायचं?' म्हटलं नाही हो, गोष्ट माझी असते, नवी असते. तर लगेच, 'मग स्वतःचं कधी लिहिणार?' जेवायला बोलावतो आणि पहिल्या घासाला हे विचारतो. पुढचा घास उतरतो का घशाखाली?

स्वतःचं म्हणे. अहो, दुसऱ्याच्या घरात राहून संसार करून बघा एकदा. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, पलंग हलवायचा नाही. कंपनीत एक बाई आहेत, कुठल्या भागात कोण काय बोललं, कुणाचा कुठला डोळा गेलाय, सगळं त्यांना तोंडपाठ. मी त्यांना चित्रगुप्त म्हणतो, अर्थात मनातल्या मनात. त्यांचा नियम एकच. पात्रं जशी उचललीत तशी परत ठेवायची. कुणाचं लग्न लावायचं नाही, कुणाला म्हातारं करायचं नाही, जग बुडवायचं तर खुशाल बुडवा, पण शेवटच्या पानाच्या आत कोरडं करून परत द्या. एकदा मी कप्तानाला सर्दी दिली. साधी सर्दी हो, दोन शिंका. लगेच फोन. 'सर, ही सर्दी कुठल्या भागातली?' म्हटलं माझीच आहे. 'मग तुमच्याच पुस्तकात बरी करा. आमच्याकडे येताना नाक वाहता कामा नये.'

आता अशा माणसानं करायचं काय? मी एक केलं. एका कादंबरीत कप्तानाला प्राणवायूची नळकांडी आणायला यानाच्या कोठीत पाठवायचं होतं. म्हटलं, कोठी आहे तर कोठी सांभाळणारं कुणीतरी हवं. आणि माझ्या हातून तिथं आमची आत्या बसली.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, अजून माझ्याकडेच असते. आयुष्यभर एका मोठ्या वसतिगृहाची कोठी सांभाळली तिनं. कमरेला किल्ल्या, पायात फटफट वाजणाऱ्या चपला, आणि तोंडात एकच वाक्य, 'उचललंस तिथं ठेव.' मी ती जशीच्या तशी यानावर नेली. दुष्ट सम्राट सैन्य घेऊन कोठीत घुसतो, सगळे चळाचळा कापतायत, आणि ही मान वर न करता म्हणते, 'पाय पुस आधी.' आणि तो पुसतो हो! लोकांना इतकी आवडली, इतकी आवडली की विचारू नका. पुढच्या प्रत्येक पुस्तकात ती हवीच. कंपनीनं कपांवर छापलं, 'उचललंस तिथं ठेव.' एवढ्या पुस्तकांत माझं म्हणावं असं काही असेल, तर ही एक बाई. बाकी सगळा उसना माल.

मग श्रुतिका आल्या. आणि श्रुतिकेबरोबर आला तो दिग्दर्शक. सदा कानावर हेडफोन, त्यामुळं आपण बोललेलं अर्धंच ऐकणार. मी लिहिलं, अजगर येतो, कप्तान पळतो. हा म्हणतो, 'अजगर आलाय हे कळणार कसं? ऐकणाऱ्याला कुठं दिसतंय?' मग काय, कप्तान उभ्या उभ्या बोलतो, 'अरे बापरे, हा बघा तीन तोंडांचा हिरवा अजगर, डावीकडून येतोय, आणि त्याचं मधलं तोंड जांभई देतंय!' म्हटलं, अहो, अजगर अंगावर आल्यावर माणूस पळेल की त्याचं वर्णन करेल? तर म्हणे, 'पळू दे की. पळता पळता करू दे वर्णन.' आणि त्याचा दुसरा कायदा, जो बोलत नाही तो नाही. खोलीत चार माणसं असली आणि एकजण दोन मिनिटं गप्प बसला, की ऐकणारा समजतो हा उठून गेला. म्हणून प्रत्येकानं मधूनमधून उगीच 'हं', 'खरंय', 'काय सांगतोस' करत राहायचं.

ही सवय माझ्या अंगात इतकी भिनली की मी घरातसुद्धा तसाच बोलायला लागलो. 'मी आलोय, दार लावतोय, आता खुर्चीत बसतोय.' बायकोनं कपाळाला हात लावला. आत्या मात्र खूश. तिला हल्ली नीट दिसत नाही, डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी सावल्याच दिसतात. पुस्तकं सुटली, टीव्ही सुटला. मला म्हणाली, 'आत्ता कुठं माणसासारखा बोलायला लागलास. आधी नुसता भुतासारखा फिरायचास.' आणि दुपारी पलंगावर पडून, फोन कानाशी घेऊन, ती स्वतःलाच ऐकायची. कोठीवाली काही बोलली की ही इकडे मान हलवणार, 'बरोबर बोलले मी.' दिवसभरात तेवढाच काय तो तिला विरंगुळा.

आणि अशात चित्रगुप्तांनी मला बोलावून घेतलं. गार खोली, गुळगुळीत टेबल. म्हणाल्या, 'सर, मालिकेचा नवा भाग येतोय, त्यात यानाची कोठीच नाहीये. तेव्हा कोठीवालीला श्रुतिकेत संपवून टाका. तुम्हीच जन्माला घातलीत, तुम्हीच संपवलीत की शोभून दिसेल.'

शोभून दिसेल! मला राग आला. असा राग की चहाचा कप मी बशीवर आपटला. म्हटलं, बाई, ती माझी आत्या आहे, जिवंत आहे, घरी पलंगावर पडून ती हे ऐकते. शांतपणे म्हणाल्या, 'आत्या तुमचीच आहे सर. कोठीवाली आमची. करारात आहे तसं.' आहेच. सही माझीच आहे. म्हटलं मी लिहिणार नाही जा. तर म्हणतात, 'नका लिहू. दुसऱ्या कुणाला देऊ. पण त्याला तिची सवय नाही, कसंही मारेल बिचारीला.'

कसंही मारेल! म्हणजे बघा, आपल्याच माणसाचं वाईट होऊ नये म्हणून आपणच ते करायचं. केलं. घरी आलो, दार लावून बसलो आणि लिहिलं. कोठीला आग लागते. कोठीवाली सगळ्यांना बाहेर काढते, किल्ल्या कप्तानाच्या हातात देते, म्हणते, 'उचललंस तिथं ठेव,' आणि आतून दार लावून घेते. धाडकन दार. मग शांतता. बास. ती मेली असं कुणी म्हणत नाही. म्हटलं, तुम्हीच शिकवलंत ना, ऐकणाऱ्याला दिसत नाही म्हणून? मग नाहीच दिसत त्याला. ज्याला मेली समजायचंय त्यानं समजावं, आमची आत्या काही समजणार नाही.

पण चित्रगुप्तच त्या. दुसऱ्या दिवशी फोन. 'सर, मेली हे कळत नाही. ऐकणाऱ्याला कुठं दिसतंय? कुणीतरी तोंडानं म्हटलं पाहिजे.' तेच वाक्य आता माझ्या अंगावर. आणि लगेच म्हणतात, 'पण मेली हा शब्द नको, कुटुंबं एकत्र बसून ऐकतात. कप्तान म्हणेल, "कोठीवाली गेली!"' घातलं वाक्य. मी नाही, त्यांनी. आणि वर लेखक म्हणून नाव कुणाचं? माझं.

श्रुतिका आली त्या दुपारी मी आत्याचा फोन उशीखाली दडवून बघितला, पण तो वाजला आणि आवाजावरून तिनं शोधला. बसलो मग तिच्याशेजारी. आग लागली, दार धाडकन लागलं, कप्तान रडला, 'कोठीवाली गेली!' तुम्हाला सांगतो, आत्याचा चेहरा बघवेना मला. खिडकीबाहेर बघत बसलो आणि म्हटलं, आत्या, मी नव्हतो करणार, खरंच नव्हतो.

तर आत्या म्हणते, 'हा कप्तान दाराच्या बाहेर होता ना?'

म्हटलं, हो.

'दार आतून बंद?'

हो.

'मग त्या शहाण्याला काय दिसलं? गेली म्हणतोय. गेली म्हणजे गेली असेल मागच्या दारानं. अरे, कोठीला मागचं दार असतंच. मी एवढी वर्षं कोठी सांभाळली, मागच्या दाराशिवाय माल आत येतो का कधी? तू लिहितोस खरं, पण तुला कोठी काही कळत नाही.'

मला हसू की रडू कळेना. तिला मी मिठी मारली. तर म्हणाली, 'सरक तिकडे, फोन पडेल.'

आणि गंमत अशी की अर्ध्या ऐकणाऱ्यांनी आत्यासारखाच कान लावला होता. कंपनीला पत्रांवर पत्रं. 'गेली म्हणजे नक्की कुठं गेली?' उरलेल्या अर्ध्यांनी मात्र मला धरलं. खुनी म्हणाले, कसाई म्हणाले, एकानं तर विचारलं, तुम्हाला आई नव्हती का? नव्हतीच हो, काय सांगू त्याला.

शेवटी कंपनी वाकली. चित्रगुप्तांचा फोन आला, आवाजात साखर. 'सर, आनंदाची बातमी. कोठीवाली जिवंत आहे. मागच्या दारानं निसटली.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, बसतोच लिहायला, आत्ताच्या आत्ता बसतो. तर म्हणतात, 'नाही, म्हणजे लोक तुमच्यावर जरा चिडलेत ना. तिला मारणाऱ्याचं नाव तिच्या पुनरागमनावर बरं दिसणार नाही. आम्ही एका नव्या लेखकाला दिलंय.'

ठेवला फोन. काय करणार? दिवसभर धुमसत होतो, बायको जवळ यायला तयार नाही. ती नवी श्रुतिका आली, आणि मी मुद्दाम आत्याजवळ बसलो. म्हटलं, आता हिलाच कळेल. आपलं माणूस ते आपलं माणूस, परक्याच्या हातात त्याचं काय होतं हे तिला कळल्याशिवाय राहायचं नाही. आत्यानं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, 'हा नवा कोण रे?'

म्हटलं, आहे एक. का, नाही ना जमलं?

'बरं लिहितो मेला. याच्यात मी जास्त बोलते. तू आपला त्या कप्तानालाच बोलायला देत होतास.'

मग मात्र माझा तोल सुटला. म्हटलं, आत्या, ती बाई माझी आहे. तिला मी जन्माला घातलंय!

'तू?' आत्या म्हणाली. 'तुला मी न्हाऊ घातलंय. लाव पुढचा भाग.'

लावला. आणि बसलो ऐकत तिच्याशेजारी, मधूनमधून 'हं', 'खरंय' करत, म्हणजे मी उठून गेलो असं तिला वाटायला नको. आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका... लिहितो बरं, लेकाचा.