तांड्याची ओळ तेवढी काढा

न्हाई न्हाई, रत्नपालभाऊ, ती ओळ काढा. तांड्याची. 'ऊसतोड कामगारांच्या मुलांचा सांभाळ, दोन हंगाम' — ती. परवा मीच लिहा म्हणलं व्हतं, बराबर हाय, पण आता काढा म्हणून राहिले. काहून म्हंजे? माझा बोर्ड हाय, मला न्हाई पायजे. पाळणाघराचं नाव ठेवा, पत्ता ठेवा, ते झुल्यावरचं लेकरू ठेवा — लई गोरं हाय ते, हिंगोलीत असलं लेकरू कोणाच्या घरी दिसलं न्हाई मला, पण ठेवा — अन् 'अनुभव' लिहिलं ना, त्याच्या खाली दुसरं काही घालू. आधी हे वाढदिवसाचं उरकून घ्या, मी बसते. केवढे फोटो एकाच बॅनरवर! अन् सगळेच गॉगल लावून. ह्याच्यात वाढदिवस कोणाचा हाय, ते तरी कळते का तुमाला?

अनुभव लिहावाच लागते हो. नोकरीवाल्या बाया पहिलं तेच इचारतात. मी सांगते, माझे दोन पोट्टे मोठे केले — ते धरत न्हाईत. दिराची तीन लेकरं माह्या कडेवर वाढली — ते बी धरत न्हाईत, ते म्हणे घरचं. दुसऱ्याचं लेकरू फुकट सांभाळलं की ती सेवा, अन् घरच्याचं फुकट सांभाळलं की — काय? काहीच न्हाई. बरं, मंग नरसीचं लिहा. नरसी नामदेवच्या यात्रेत हरवलेल्या लेकरायचा मंडप असते ना, तिथं बसत व्हते मी. कोणाचं बी पोरगं सापडलं की माह्यापाशी आणून बसवायचे, माय-बाप येईपर्यंत मी सांभाळायची. एकदा एक पोरगं आलं, पाचेक वर्षांचं — नाव सांगंना, गाव सांगंना, बापाचं नाव इचारलं तर नुसतं 'दादा'. रडू रडू नाक लाल. मंग मी इचारलं, तुमच्या बैलाचं नाव काय रे? तर लगेच म्हणते, पाखऱ्या! मंग मी माईक घेतला अन् म्हणलं, पाखऱ्या बैलाचा जो कोणी मालक असंल त्यानं मंडपात यावं. सगळी यात्रा हसली, पण बाप आला पळत. हे लिहा. छान हाय की न्हाई?

व्हय, ते वर्षातल्या दोन-चार दिवसायचंच हाय म्हणा. त्याच्यावर रोज आठ तास लेकरू कोण ठेवणार. मंग पोलिओचं? बूथवर बसले मी, लेकरायचे गाल दाबून तोंड उघडायला लावायचं माह्याकडं — न्हाई, ते नको, ते वाचून लेकरं पळून जातील. मंग काय लिहावं...

काय म्हणलात? तांड्याचंच सगळ्यात चांगलं वाटते? वाटंल की तुमाला. — त्या दुसऱ्या बोर्डावर बी तेच हाय? कोणत्या दुसऱ्या? — पाळणाघराचा? निलमचा? तुमच्याकडंच टाकला का तिनं? ती गुंडाळी का, कोपऱ्यातली? दाखवा. काही करत न्हाई मी, फाडत न्हाई, हात मागं बांधते पायजे तर. उघडा. — 'ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी तांड्यावर निःस्वार्थ सेवा.' निःस्वार्थ. ती दोन टिंबं बी बराबर दिलीत तुमी. गुंडाळा. गुंडाळा, भाऊ, बघवत न्हाई.

न्हाई, पाणी नको. — द्या, बरं.

तांडा म्हंजे माझं माहेर, सेनगावकडं. मला दिली तिथंच जवळ, गोरेगावला, अन् निलम तिथं माझी शेजारीण. तिचं लग्न व्हायचं व्हतं तव्हा. सख्खी बहीण झक मारंल अशी दोस्ती आमची, एका ताटात जेवलेल्या. दिवाळी झाली की आमचा तांडा कोयते घेऊन उसाला जाते, अन् लहानी लेकरं राहतात म्हाताऱ्यायपाशी. जिला सोताला दिसत न्हाई ती म्हातारी लेकराकडं काय बघणार? मंग मीच निलमला म्हणलं, चल, आपण बघू. दोन हंगाम गेलो आमी दोघी, रोज जीपनं, माझी दोन बी संगं घेऊन. समाजमंदिरात बसवायचो सगळ्यायला, डाळ-भात करायचो, न्हाऊ घालायचो, उवा काढायचो. कोणी एक रुपया दिला न्हाई अन् आमी मागितला बी न्हाई. लई चांगले दिवस व्हते ते — सांगते ना, माह्या लग्नात बी मी एवढी खूश नव्हते. तव्हाच ठरलं आमचं, की पुढं हिंगोलीला जाऊ अन् दोघी मिळून पाळणाघर टाकू. दोघी मिळून!

दुसऱ्या हंगामाला एका लेकराला ताप आला, मी त्याला घेऊन गोरेगावच्या डॉक्टरकडं गेलते. वापस येऊन जीपमधून उतरते न उतरते तर समाजमंदिरातून आरडाओरड. दिपा — आमच्या जिवनबाईची पोरगी, चार वर्षांची — तिच्या अंगावर डाळीचं पातेलं. उकळती डाळ, भाऊ. उजवा हात कोपरापासून वर गळ्यापर्यंत. निलमनं पातेलं चुलीवरून उतरून खाली ठेवलं अन् गेली बाहेर लिंबाखाली फोनवर. ज्याच्याशी जमून राहिलं व्हतं त्याचा फोन आलता. मी लेकरू उचललं, थंड पाणी घातलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं अन् तशीच त्याच जीपनं हिंगोलीला सरकारी दवाखान्यात. रस्ताभर पोरगी माह्या मानंला धरून. ओरडत न्हाई — ओरडून ओरडून आवाजच गेला व्हता तिचा.

दवाखान्यात निलम आली मागून. पाय धरले माझे. शिला, पुढच्या आठवड्यात सुपारी फुटायची हाय माझी, फोनवर बोलत व्हते म्हणून लेकरू भाजलं असं कळलं तर ते लोक दारात पाय ठेवणार न्हाईत. तू तांड्यातली हायेस, तुला तुझी माणसं माफ करतील, माझं आयुष्य जाईल. — अन् मी म्हणलं, बरं. मी व्हते म्हणते. एवढंच. भाजीला कोथिंबीर द्यावी वरतून, तसं देऊन टाकलं मी.

जिवनबाई आली उसाच्या फडावरून. मी म्हणलं, माझं ध्यान नव्हतं. तिनं मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. माह्या मांडीवरून लेकरू उचलून घेतलं अन् मला पाठ केली. अन् माझा बाप, धनसिंग, तांड्याचा नायक — त्यानं सगळ्यायसमोर मला माफी मागायला लावली. मागितली मी. डोक्यावरचा पदर जमिनीला लावला. तव्हापासून माहेराला धड गेले न्हाई. होळीला आमच्यात रात्रभर लेंगी म्हणतात, सगळ्या लेकी माहेरी येतात — मी गोरेगावला कडी लावून बसायची. पाच-सहा वर्षं झाली ह्याला. अन् निलम? तिच्या लग्नात मी वाढत व्हते पंगतीला!

बरं, ती लग्न होऊन हिंगोलीत आली, मी बी पोरायच्या शाळेसाठी आले. मी म्हणलं, आता टाकू पाळणाघर. ती म्हणे, बघू. बघू बघू करत करत मागच्या महिन्यात तिनं एकटीनंच टाकलं — माह्या मागच्या गल्लीत. मला कळलं दुधवाल्याकडून. मी तरी म्हणलं, असू दे, तिच्या नवऱ्यानं सांगितलं असंल, हिंगोलीत लेकरं काय कमी हायेत? म्हणून मी माझं येगळं काढायला लागले. दवाखान्यातली एक सिस्टरबाई, तिची जुळी पोरं माह्याकडं पक्की झालती. अन् परवा तिचा फोन. ताई, राहू द्या. मी म्हणलं, काहून हो? तर म्हणती, तुमच्याकडं एक लेकरू भाजलं व्हतं म्हणे, त्या दुसऱ्या पाळणाघराच्या ताईनं सांगितलं.

मी तशीच गेले निलमकडं. पीठ मळलेले हात, ते बी धुतले न्हाईत. तिनं दार उघडलं, या म्हणली, चहा ठेवला. मी म्हणलं, निलम, तू सांगितलंस? काहून सांगितलंस? तर चहात साखर हलवत हलवत — ओरडत न्हाई, लाजत न्हाई — म्हणती, मी काय खोटं बोलले, शिला? तूच तर सांगितलंस सगळ्यायसमोर, मी व्हते म्हणून. तुह्या बापासमोर सांगितलंस.

ह्याला काय म्हणावं, सांगा तुमी. मला वाटलं, ती मनात हसत असंल. न्हाई, भाऊ. ती आता खरंच तसं धरून चालली. एवढे दिवस मी तिच्यासाठी खोटं सांभाळलं, ते तिनं घरात नेऊन खरं करून ठेवलं.

म्हणून आज सकाळी तांड्यावर गेले. म्हणलं, जिवनबाईला खरं सांगते, पाय धरते, अन् तिला म्हणते की सिस्टरबाईला फोनवर एक शब्द बोल, आईनंच सांगितलं तर ती ऐकंल. ऊन डोक्यावर, जिवनबाई हळद निवडत बसलती. मी सगळं सांगितलं, रडले, हात जोडले. तिनं हात बी थांबवला न्हाई. म्हणती, मला तव्हाच माहीत व्हतं.

बसा, तुमी काहून उभे राहिलात.

तव्हाच. दिपानं दवाखान्यातच सांगितलं व्हतं तिला — शिलामावशी नव्हती, याडी, ती दुसरी व्हती, फोनवर बोलत. याडी म्हंजे आमच्या बोलीत आई. मी म्हणलं, मंग जिवनबाई, मला माफी काहून मागू दिली? एवढी वर्षं माझं तोंड काहून बघितलं न्हाई? तर म्हणती, बाई, उकंडराव मुकादम निलमचा चुलता. आमचा नवरा-बायकोचा कोयता त्याच्या टोळीत. त्याच्या पुतणीचं नाव घेतलं असतं तर पुढच्या साली आमाला उसाला कोणी नेलं असतं? तू आमच्यातली. तुह्यावर रुसलं तर भागते.

तुह्यावर रुसलं तर भागते! निलम म्हणली व्हती तुझी माणसं तुला माफ करतील. माफ करायचं काही नव्हतंच, तरी बी केलं न्हाई!

अन् बाप. तिथंच बाजेवर बसलता. मी म्हणलं, बापू, तुला बी माहीत व्हतं? तर खाली वाकून चप्पल शोधायला लागला. पायातच व्हती हो चप्पल. तरी शोधून राहिलता. नायक माणूस, साऱ्या तांड्याचा न्याय करते — अन् पोटच्या पोरीचा पदर जमिनीला लागताना बघत बसला. मला वाटत व्हतं, मी देऊन राहिले. माह्या मनानं, मोठेपणानं. अन् इथं एक एक जण घेऊन राहिलता. सगळ्यायला पुरले मी.

म्हणून म्हणलं, तांड्याचं नाव नको मला बोर्डावर. उठले अन् जीपंला हात केला, तुमच्याकडंच आले सरळ. घरी बी गेले न्हाई.

— दिपा? आली व्हती की. जीपपर्यंत आली मागं मागं. उंच झाली आता, दहा वर्षांची असंल. ओढणी हातावर ओढून घेती. माह्याजवळ उभी राहिली अन् म्हणली, मावशी, मी सगळ्यायला सांगितलं व्हतं. माह्या आजोबाला बी सांगितलं, तुह्या बापूला बी. सगळे म्हणले, गप, तू लहानी हायेस. — मी तिचा हात धरला. तो भाजलेला. गुळगुळीत लागते तिथली कातडी. तिनं काढून घेतला न्हाई. तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न मारला, बसले.

एवढी माणसं, भाऊ, शिकलेली, नायक, मुकादम, देवधर्म करणारी — अन् खरं कोण बोललं तर चार वर्षांचं लेकरू. अंग भाजलेलं असताना. माह्यासाठी.

...

मशीन काहून बंद केली तुमी? लाईट गेली का? न्हाई ना. मंग चालू करा. अन् ती ओळ — घाला वापस. व्हय, तांड्याची. पण 'सेवा' नको. 'निःस्वार्थ' तर अजिबात नको, तो शब्द तिलाच राहू द्या. 'तांड्यावरची लेकरं सांभाळली, दोन हंगाम.' बस. नरसीचं नको, पोलिओचं नको. एकच ओळ, मोठ्या अक्षरात. कोणी इचारलं, लेकरू भाजलं व्हतं का? तर सांगीन, भाजलं व्हतं. कोणाच्या हातून, ते बी सांगीन, नाव घेऊन. सिस्टरबाई आली तर आली.

निलमचा बोर्ड? तो द्या तिला. लपवून ठेवता का? नका ठेवू, तुमचा धंदा हाय. लागू द्या दोन्ही, एक पुढच्या गल्लीत, एक मागच्या.

अन् भाऊ, हे कोणाला सांगू नका — असं म्हणणार व्हते. राहू द्या. सांगा. सगळ्यायला सगळं माहीतच असते, बोलत कोणी न्हाई. तुमी तरी बोला.

चला, जाते मी. पोरं शाळेतून आली असतील, अन् घराला कुलूप हाय.