पाहुणचार नको, अम्मा

अरवा : आणि ही सतरंजी कुठून आणलीत? शेजारची ना? आधी परत देऊन या, अम्मा.

हुस्ना : मग पाहुणीला काय उघड्या जमिनीवर बसवू? माझा मुलगा असता तर त्यानं मलाच खडसावलं असतं.

अरवा : ते असते तर मदतीच्या पिठासाठी दाराकडे डोळे लावून बसलो असतो का आपण? आणि नज्वा पाहुणी नाही, मदतवाली आहे. कोणाच्या घरात दाणा नाही ते बघत फिरते. मागच्या वेळी काय केलंत तुम्ही?

हुस्ना : काय केलं? जेवू घातलं. गुन्हा केला?

अरवा : कोंबडी कापलीत! बोरीचा मध काढलात! गावभरचे गालिचे मागून आणलेत! ती पोटभर जेवली, ‘या घरात अल्लाची बरकत आहे’ म्हणाली आणि गेली. सगळ्यांना पीठ आलं, आपल्या नावावर काट.

हुस्ना : ती तसं म्हणाली ना, तेव्हा बरं वाटलं गं. लढाई सुरू झाल्यापासून कोणी तसं बोललंच नव्हतं.

अरवा : बरं वाटून पोट भरतं होय?

हुस्ना : तू या घराचे ते दिवस पाहिलेच नाहीस, सूनबाई. ताइझच्या बाजाराला जाणारा जो तो इथं टेकायचा. अख्ख्या यमनमध्ये असा पाहुणचार नाही म्हणायचे लोक. तुझे सासरे दाराला कडी लावू द्यायचे नाहीत. कॉफीची फळं वाळत घातली की गच्ची लालभडक, आणि खाली मी तंदुरापाशी. रोट्या थापून थापून मनगटं भरून यायची. एकदा एक उंटवाला म्हातारा जेवून उठला आणि विचारतो काय, ‘हे घर कोणाचं?’ आम्हीही त्याचं नाव विचारलं नव्हतं! काय हसलो होतो... कुठं गेले गं ते दिवस?

अरवा : बॉम्बखाली गेले. रडू नका, अम्मा. मलाही बघायचं होतं तेव्हाचं हे घर. पण सिनानकडे बघा. पोराचा दंड माझ्या दोन बोटांत मावतो. पुन्हा काट बसली तर हा हिवाळा त्याला निघायचा नाही.

हुस्ना : असं अभद्र बोलू नकोस!

अरवा : मग शपथ घ्या. काही वाढायचं नाही, काही मागून आणायचं नाही. विचारील ते खरं सांगायचं.

हुस्ना : दारात आलेल्या माणसाला रिकाम्या तोंडी घालवू? त्यापेक्षा मेलेली बरी.

अरवा : तुम्ही नाही मरणार, अम्मा. तो मरेल.

(दारावर थाप. हुस्ना सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवते.)

नज्वा : अस्सलाम अलैकुम, आजी! मी नज्वा, ओळखलंत ना? तुमच्या सूनबाईंचा निरोपावर निरोप, म्हणून परत आले. खरं सांगू? मला पटतच नव्हतं. तो मध अजून जिभेवर आहे माझ्या.

हुस्ना : ये पोरी. बस. अशीच बस, जमिनीवर.

नज्वा : आज चूल थंड दिसतेय...

अरवा : अम्मा, बोला ना.

हुस्ना : बोलते, बोलते. कालपासून पेटलेली नाही. तू खाल्लीस ती घरातली शेवटची कोंबडी. मध नातवाच्या खोकल्यासाठी जपलेला.

नज्वा : या अल्ला! मग मला का वाढलंत, आजी?

हुस्ना : त्या दिवशी घरात होतं, पोरी. आज नाही.