एका बाजारी दोन चहा

आमचं गाव जवळा बाजार ह्या बाजारगावापासून दोन कोसावर. तिथंच जल्मलो, तिथंच म्हातारा झालो. बाप मेंढरं राखायचा, धा-बारा बकऱ्या, आन सात एकर कोरडवाहू. आमी दोघं भाऊ, थोरला ग्यानबा आन मी मुंजाजी. मधी दोन बहिणी झाल्या, त्या न्हाई राहिल्या, म्हून मी त्याच्याहून लई लहान, तो मला खांद्यावर घेऊन मेंढरामागं हिंडायचा म्हणं, माय सांगायची, मला काय आठवणार. एक आठवते, बाभळीचा काटा मोडला व्हता टाचेत, मी बोंबलून राहिलो, त्यानं माझा पाय मांडीवर घेतला आन दातानं काटा काढला, आन थुकला, आन म्हणला, आता उठ, मेंढरं सोयाबिनात जातील. न्हाई, तव्हा सोयाबीन कुठलं, जवारीत म्हणला असंल. डोकं चालत न्हाई आता बराबर. शाळा? शाळा कशाची लिवता ताई, मेंढरू मोजायपुरतं आलं, बस झालं.

आमच्या घरात पैसा व्हता, पण दिसत नव्हता. बापाचा बंडीच्या आतल्या खिशात, मायचा लुगड्याच्या कनवटीला. दोन घरी दूध घालायची ती, लोकर इकली का बाप बी हातावर काही ठेवायचा, ते ती कमरेला खोसून टाकायची, मंग त्याचं काय झालं ते तिलाच ठावं. कधी मावशीच्या पोरीला बांगड्या, कधी कुणाच्या बाळंतपणाला गूळ-तूप. बापानं कवा इचारलं न्हाई. मंग माझं लगीन झालं, रुक्मीण आली, बकऱ्या तिच्याकडं, तिच्या बी कनवटीला गाठ, मी बी चाळीस वर्सं इचारलं न्हाई. आमची भांडणं झाली न्हाईत असं न्हाई, लई झाली, एकदा तर महिनाभर माहेरी जाऊन बसली कळमनुरीकडं, पण कनवटीवरून एकदा बी न्हाई.

आता भावकीचं सांगतो, ते सांगितल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. बाप गेल्यावर वाटण्या झाल्या, साडेतीन-साडेतीन एकर, मधी धुरा, म्हणजे बांध. आमी दोघं व्हतो तवर त्या धुऱ्यावर बसून भाकर खाल्ली, ह्याची चटणी त्याच्या भाकरीवर. पण पोरं मोठी झाली. त्याचा दत्ता, माझा गजानन. एका साली टॅक्टर धुऱ्याला लागला, धुरा कोरला म्हणं, कुणी कोरला ते मी अजून बी सांगू शकत न्हाई, दोघं बी म्हणतात त्यानं. काठ्या निघाल्या. दत्त्याचं डोकं फुटलं, टाके पडले, पोलीस आले, केस झाली, ती अजून बी तालुक्याला चालूच हाय. म्हाताऱ्यांनी काठीला हात लावला न्हाई, पण आमाला कोण इचारते. बोलणं बंद, पाणी बंद, लग्नाचं आवतण बंद. त्याच्या नातीचं लगीन झालं तव्हा बँड माझ्या घरावरून गेला, आन मी आत खाटल्यावर. काय सांगू तुमाला, गावात समोरासमोर आलो तर तो गोठ्याकडं बघायचा आन मी आभाळाकडं. अशी अकरा वर्सं गेली.

आन मंग एका बाजारी काय झालं. मी दोन बोकड घेऊन गेलतो जवळ्याला, इकले, बकऱ्याच्या बाजारामागं एक हाटेल हाय, पत्र्याचं, तिथं बाकड्यावर टेकलो. बाजूला कुणीतरी येऊन बसलं. बघतो तर थोरला. त्याला बी ठावं नव्हतं मी हाय म्हून, गुडघे धरून खाली बसला आन मंग मान वळवली. उठला न्हाई. त्याला उठता येत न्हाई लवकर, का उठायचंच नव्हतं, देव जाणे. मी हाटेलवाल्याला बोटानं दाखवलं, दोन. चहा आला, आमी पेलो. एक शब्द न्हाई. कप खाली ठेवून तो म्हणला, मुंज्या, दात पडले की रे तुझे. मी म्हणलो, तुमचे कुठं राहिले दादा. बस. पुढल्या बाजारी तो आधीच येऊन बसला व्हता, आन चहाचे पैसे त्यानं दिले.

तव्हापासून ठरलं, म्हणजे बोलून न्हाई ठरलं, एका बाजारी त्याची बारी, एका बाजारी माझी. धुऱ्याचं नाव काढायचं न्हाई, केसचं न्हाई, पोरांचं न्हाई. बाकी मंग काय बी. गुडघे, मेंढराला झालेला लाळरोग, मायची गाणी. कधीकधी तर काहीच न्हाई, चहा पेत बसायचं. गर्दी येवढी की कोण कुणाजवळ बसलं कुणी बघत न्हाई. गावात सहा दिवस गोठ्याकडं बघायचं आन सातव्या दिवशी अर्धा तास भाऊ. मला ते पुरत व्हतं ताई. खरंच पुरत व्हतं.

मंग माझा खिसा मारला. वसमतच्या एष्टीत, चार बकऱ्यांचे पैसे गेले. मी रडलो, रुक्मीण रडली, गजानन दुसऱ्या दिशी बँकेत घेऊन गेला. पोरगं वाईट न्हाई माझं, हे आधी लिवा. खत-बियाणाच्या दुकानात कामाला जाते, माझी शुगरची गोळी तोच आणते. त्यानं खातं काढलं, दोघांच्या नावानं, आन फोन दिला, म्हणला, बाबा, आता बोट लावायचं, चोर काय करते. आन खातं दोघांचं म्हून इकडं मी बोट लावलं का तिकडं त्याच्या फोनात घंटी. त्याला बरं वाटायचं, बाप कुठं हाय ते कळायचं. मला बी बरं वाटलं सुरवातीला, खोटं काहून बोलू. व्यापारी बी म्हणाले, मामा, तुमी सुदरले.

फक्त चहाचे पैसे मी नोटेनं द्यायचो. काहून ते मला बी ठावं नव्हतं, मनानंच तसं केलं. पण एका बाजारी खिशात पाचशेची एकच नोट, आन हाटेलवाला म्हणे सुट्टे न्हाईत मामा, मारा ना फोनवर. थोरला बाजूला बसलेला. मी मारले. तर त्या हाटेलात तो डबा हाय ना बोलणारा, तो वरडला, वीस रुपये प्राप्त हुए. सगळ्या हाटेलानं ऐकलं. थोरला हसला, म्हणला, मुंज्या, तुझा चहा लई मोठ्यानं बोलते रे.

सांजच्याला गजानन म्हणते, बाबा, दोन चहा पेले का, डाक्टर काय म्हणला व्हता. मी म्हणलो, व्हय, चूक झाली. माझ्या पोराशी बोललेलं ते पयलं खोटं. एवढ्यावर थांबलं असतं. पण बोटाची सवय लागली व्हती, नोटा खिशात राहतच नव्हत्या, त्याच्या पुढल्या माझ्या बारीला परत मारले, आन त्याच्या पुढल्या बी. लागोपाठ असं दोन-तीन महिने झालं. आन पोरगं हुशार, दुकानात दिवसभर आकडेच बघते. एका दिशी जेवता-जेवता म्हणते, बाबा, एक सांगा, एका बाजारी दोन चहा आन एका बाजारी एक बी न्हाई, हे कसं. शुगर असली तरी माणूस बाजारी एक तर चहा पेतेच. म्हणजे ज्या बाजारी तुमच्या फोनवरून जात न्हाई, त्या बाजारी तुमाला कोण पाजते?

येवढं तर पोलीस बी इचारत न्हाईत. मी काही चोरी केली न्हाई, बाई ठेवली न्हाई, आन माझे कान तापले. रुक्मीण पाण्याचा तांब्या घेऊन उभी, तिला ठावं व्हतं सगळं, मी सांगितलं नव्हतं तरी ठावं व्हतं. मी सांगून टाकलं. तुझा थोरला बाप पाजते म्हणलो.

गजानन वरडला न्हाई. वरडला असता तर बरं. ताटावरून उठला, हात धुतला, म्हणला, बाबा, मी कोर्टात तारखेला उभा राहतो आन तुमी तिकडं चहा पेता. पेता तर पेता, पण मला सांगितलं काहून न्हाई, चोरून काहून, लपवायचं काय व्हतं. मी म्हणलो, लेकरा, लपवायचं काहीच नव्हतं, पण सांगायचं बी नव्हतं. ह्या दोन गोष्टी एक न्हाईत. तुला सांगितलं असतं तर उद्या दत्त्या तुला तोंडावर इचारला असता, तुला ठावं व्हतं का रे, आन तुला त्रास. त्याला न्हाई पटलं. त्यानं बायकोला सांगितलं, बायकोनं हापशावर, आन हापशावरून दत्त्याच्या घरात जायला एक दिस लागला.

दत्त्यानं काय म्हणलं बापाला ते मला ऐकूनच ठावं. माझं डोकं फोडणाऱ्याच्या घरचा चहा पेता, असं म्हणला म्हणं. त्याचं बी चूक न्हाई, टाके त्याला पडले. त्यानं थोरल्याला शेतातल्या आखाड्यावर, ढोरं बांधायच्या झोपडीत, नेऊन ठेवलं, बैल बघायला म्हून. बैल कुठले आता, एक म्हैस हाय. आखाड्यावरून जवळ्याला यायचं तर आटो लागते, आन आटो दत्त्या सांगंल तव्हाच येते. ज्याचे गुडघे गेले तो माणूस कुठं जाते. पुढल्या बाजारी मी बसलो, त्याची बारी व्हती, आला न्हाई. त्याच्या पुढं बी न्हाई. सहा-सात बाजार मी नुसता बसलो. चहा न्हाई सांगितला.

मंग मी एका दिशी फोन गजाननच्या पुढं ठेवला. म्हणलो, हे घे, मला नको. तो म्हणला, बाबा, परत खिसा मारतील. मी म्हणलो, मारू दे. चोरानं माझ्या बकऱ्यांचे पैसे नेले, ह्यानं माझा भाऊ नेला. पोरगं म्हणलं, मी थोडीच नेला, मी तर तुमच्या काळजीनं बघत व्हतो. ते बी खरं. काळजीनंच बघत व्हतं. पण काळजी करणाराला सगळंच बघू द्यायचं का? तव्हा रुक्मीण चुलीपासून म्हणली, गज्या, माझ्या कनवटीला काय हाय ते तुझ्या बापानं आजवर इचारलं न्हाई, तू त्याच्या चहाचे कप मोजतो व्हय? आन उठून तिनं सोडली गाठ, शंभर-पन्नासच्या चार नोटा माझ्या बंडीत कोंबल्या. तिच्यापाशी येवढे व्हते, मला कुठं ठावं.

तव्हापासून मी रोखीनं. सोपं न्हाई ताई, लई तकलीफ हाय. व्यापारी म्हणते, मामा, नोटा कोण बाळगते आता, मी म्हणतो, शंभर कमी दे पण हातात दे, आन ते खरंच शंभर कमी देते. औषधाच्या दुकानात चिल्लर न्हाई म्हून गोळ्या परत ठेवायला लावल्या. माझ्यामागं रांगेतलं एक पोरगं म्हणलं, बाबा, कुठल्या जमान्यात हाय तुमी. मी थकलो सांगू-सांगू. लोकाला वाटते म्हाताऱ्याला येत न्हाई. येते की. येते म्हून तर फोन देऊन टाकला.

आन आता मागच्या पावसाळ्यातलं सांगतो. मी बसलो हाटेलात, हाटेलवाल्यानं न सांगता चहा आणून ठेवला. म्हणलो, मी कुठं सांगितला. तो म्हणला, पैसे आलेत. कुणाचे? त्यानं गल्ल्यातून धा रुपयाची नोट काढून दाखवली, बारीक घडी घातलेली, आन परत टाकून दिली. मी बाजारांचा हिसाब केला बोटावर. थोरल्याची बारी व्हती.

कोण आणते ती नोट मी इचारलं न्हाई, आन तुमी बी इचारू नका. आखाड्याच्या वाटेनं भाजीवाल्या येतात, दूधवाला येते, मेंढरावाले येतात, असंल कुणी. हातातून हातात येते. नोटेवर कुणाचं नाव न्हाई, घंटी न्हाई, तो डबा बी काही बोलत न्हाई. माझ्या बारीला मी धा रुपये हाटेलवाल्याकडं ठेवतो, तो कागदात भजी बांधून आखाड्याकडं लावून देते, मिळतात का न्हाई ते कळत नव्हतं. मंग एकदा निरोप आला, मुंज्याला सांगा मिरची कमी टाकायला, दात न्हाईत. मी हसलो, आन मंग काय झालं कुणास ठावं, टावेल तोंडाला लावून बसलो लई वेळ.

गजानन आता इचारत न्हाई. बाजाराला जाताना एष्टीपर्यंत सोडते गाडीवर, म्हणते, बाबा, खिसा सांभाळा. देव त्याचं भलं करो. दत्त्याचं बी करो, केस जिंको का हरो. भावकीत एक मात्र हाय, कुणी मेलं तर मातीला जाता येते, किती बी भांडण असू द्या, मातीला कुणी अडवत न्हाई. मला म्हणतात, मंग काहून जिवाला लावून घेता, जाताल की तव्हा. मला तव्हा न्हाई जायचं. तव्हाचं जाणं काय करू?

आता मी येवढंच बघतो. त्याच्या बारीच्या बाजारी जाऊन बाकड्यावर बसतो, हाटेलवाल्याच्या तोंडाकडं बघत न्हाई, भेव वाटते. चहा पुढं आला की कळते थोरला हाय अजून. परवा उशीर झाला व्हता, हाटेलात गर्दी, मी पाऊण तास बसलो, बारी त्याचीच हाय का ते परत बोटावर मोजलं. मंग आला चहा.