खांबापासून तिसरं झाड

पुष्पांजली : चहा नको, काकी. आधी मले ते झाड दाखवा.

कोकिळा : कोणतं झाड?

पुष्पांजली : काकी, मी या गावची पोलीस पाटील आहे. अमडापूर रोडच्या तुरीत गांजा सापडला, तवापासून ठाण्याचे लोक गावोगाव पाहून राह्यले. उद्या आपल्या गावात येतात. माह्या गावात एकबी झाड नाही, असं मले लिहून द्या लागते.

कोकिळा : तर दे लिहून. माही तूर पाह्यली ना तू?

पुष्पांजली : तूर पाह्यली. तुमच्या घरामागचं वाडगं राह्यलं. जनकाबाई म्हणत होती...

कोकिळा : जनकाबाईले लोकांच्या वाडग्यात पाह्यल्याबिगर भाकर पचत नाई. बरं, हाव. आहे. एकच आहे. ते तिथं खाटेवर कोण निजलं, पाय. दवाखान्यानं पोटाचा क्यानसर सांगतला अन् म्हणे, घरी न्या आता. आखाडात यायच्या पोटात घोटभर पाणी टिकत नव्हतं. आता अर्धी भाकर खातात. मी पाला तुपात परततो, गुळात गोळी करतो. सकाळी एक, सांजच्याला एक.

पुंजाजी : पुष्पा, बस व. उभ्यानं भांडू नये.

पुष्पांजली : बसते, काकाजी. दुखणं कसं आहे?

पुंजाजी : आहे जागेवर.

पुष्पांजली : काकी, बी कुठून आणलं ते मी विचारत नाही. पण पंच्याऐंशी सालापासून बंदी आहे, तुमाले माहीत नाही असं नाही.

कोकिळा : पंच्याऐंशीच्या आधीचं मले विचार. खामगावले माह्या बापाचं, भगवानरावाचं, दुकान होतं. गांजाचं, सरकारी ठेक्याचं. दारावर पाटी, आत पितळी तराजू. माल सरकारी गोदामातून ये, सील लावून. कापसाच्या जिनातले हमाल सांजच्याला पाठ धरून येत. मी आठ वर्षांची, पुड्या बांधो. डोळे मिटून वासानं पान ओळखो मी, सारे हासत.

पुष्पांजली : अन् ज्याचं डोस्कं फिरलं त्यातून, त्याले?

कोकिळा : त्याले बाप देत नव्हता. एकाची माय आली रडत, म्हणे, माह्या पोराले देऊ नका. बापानं फळीमागे खडूनं त्याचं नाव लिहून ठेवलं. दुकान होतं तवरोक त्याले पुडी नाई भेटली.

पुष्पांजली : माह्या देवानंदाचं नाव कोणत्या फळीमागे लिहिणार होतं कोणी?

कोकिळा : पुष्पा...

पुष्पांजली : माह्या लग्नात तुमी पाह्यला माहा भाऊ. वाजंत्रीपुढे नाचून नाचून चप्पल तुटली त्याची. चार वर्षं चिलीम ओढली, आता भिंतीशी बोलते. मायले म्हणते, बाई, तुमी कोण? त्याले देणारा मोटारसायकलवर येत होता. मायनं त्याच्यापुढे पदर पसरला. तो हासला अन् किक मारली.

पुंजाजी : पाणी दे तिले.

कोकिळा : घे, माय. देवानंदाचं मी विसरली नाई. मी चिलीम नाई मागत व कोणासाठी, औषध म्हणतो मी. सुचिता, माही नात, मोबाईलवर वाचून सांगे. दुसऱ्या देशात डाक्टर चिठ्ठी लिहून देतात म्हणे याची. आपल्या इथंबी वाद चालू आहे.

पुष्पांजली : वाद चालू आहे म्हणजे कायदा बदलला नाही. अन् उद्या मोकळीक देली, तर औषधाच्या नावावर आपल्या गावात कोण कोण लावीन, ते मी बोटावर मोजून सांगते.

कोकिळा : तुमचा वाद सरायच्या आधी हे सरतील, पुष्पा.

पुष्पांजली : काकी, असं नका बोलू. माह्या देखत उपटा. नाव नाही घेत मी कोणाचं. खोटी सही केली तर पाटीलकी जाईन, ती जाओ. पण माह्या मायले काय तोंड दाखवू?

कोकिळा : चाल मंग. तूच उपट, माह्यानं नाई होणार. चवळीच्या मांडवाच्या खांबापासून हातानं मोज. तिसरं. मोतीबिंदू पिकला माहा, यायच्या आजारात आपरेशन राह्यलं. मी मोजूनच पाला तोडतो.

पुंजाजी : पुष्पा, राहू दे. नको जाऊ मागे.

पुष्पांजली : मले जा लागते, काकाजी.

(दोघी मागच्या वाडग्यात. पुंजाजींची खाट खिडकीला लागून.)

पुष्पांजली : हे?

कोकिळा : एक, दोन, तीन. हेच. मुळासकट काढ, एका झटक्यात.

पुष्पांजली : काकी, ही अंबाडी आहे.

कोकिळा : अंबाडी बाजूची.

पुष्पांजली : बाजूचीबी अंबाडी अन् हेबी अंबाडी. पानाचे बोटं सारखेच दिसतात, पण दांड्यावर हात फिरवा. बारीक काटे लागतात? चावून पाहा हे पान.

कोकिळा : ...आंबट.

पुष्पांजली : तुमाले वासानं नाही समजलं?

कोकिळा : करोना झाला तवापासून वास गेला माहा. उदबत्तीचा नाई येत, करपलेल्या दुधाचा नाई येत. पण माहं झाड कुठं गेलं? इथंच होतं. तिसरं!

पुंजाजी : मी उपटलं. मागची अंबाडी तिसरी झाली.

कोकिळा : तुमी? तुमच्यानं खाटेवरून उठणं होत नाई.

पुंजाजी : काठी घेऊन गेलो. तीनदा बसलो रस्त्यात. उकिरड्यात दाबलं.

कोकिळा : कधी?

पुंजाजी : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तू नळावर गेली होती. आदल्या दिवशी ही पोरगी पंचायतीच्या भोंग्यावर बोलली, कोणाजवळ झाड असलं तर सांगा म्हणून. आवाज कापत होता तिचा.

कोकिळा : पोळ्याले तीन हप्ते झाले. तीन हप्ते मी तुमाले अंबाडी चारली? अन् तुमी रोज म्हणत, बरं वाटून राह्यलं.

पुंजाजी : तू वाटी घेऊन तोंडाकडे पाहत उभी राहे. काय म्हणू?

कोकिळा : भाकर तर खात होते!

पुंजाजी : तू पाठ फिरवली का खिडकीतून कुत्र्याले टाको. कसं माजलं पाय ते.

पुष्पांजली : काकाजी, अन् झाड होतं तवा? खरं सांगा.

पुंजाजी : तवा दोन घास खरंच जात होते. खोटं काऊन बोलू? पण हिले सांगतलं असतं तर हिनं दुसरं लावलं असतं. हिच्या बापाचं दुकान, ऐकते का ही?

कोकिळा : तुमाले दुखत होतं?

पुंजाजी : जाऊ दे.

कोकिळा : तीन हप्ते मी बाजूले घोरत होती. दुखत होतं का?

पुंजाजी : हाव. भलतंच.

पुष्पांजली : काकी, बसा इथं, पायरीवर. ऐका माहं. उद्या ठाण्याचे लोक गेले का मी गाडी सांगते. जिल्ह्याच्या दवाखान्यात असं दुखणं थांबवायचं औषध विचारू. डाक्टरच्या चिठ्ठीवर भेटते. अफूपासून करतात.

कोकिळा : अफूले चिठ्ठी, अन् माह्या पाल्याले जेल?

पुष्पांजली : सध्या तसंच आहे. काऊन, ते मले नाही सांगता येत.

कोकिळा : असं औषध असते, हे आम्हाले कोणी सांगतलंच नाई व. घरी न्या म्हणे, अन् कागद हातात देला.

पुष्पांजली : मीबी विचारलं नाही, काकी. दोन महिने या दारावरून जाऊन राह्यली. झाडाची चौकशी कराले आली, काकाजीची नाही केली.

कोकिळा : कर तू तुही सही. खरीच आहे आता.

पुष्पांजली : हो. उद्या दुपारी तयार राह्यजा. गादी गाडीतच टाकू.

पुंजाजी : सांजचं काय व?

कोकिळा : सांजची गोळी करून ठेवली. पण ती अंबाडी हो.

पुंजाजी : माहीत आहे. गूळ जरा जास्त टाकत जाजो.